ज्याच्यावर नंबर टाकता येत नाही

आमच्या भागातल्या कॉलेजला पहिला सर्व्हर मीच विकला होता, आणि आता सर्व्हर घेऊच नका असं सांगणाराही मीच. माझं जालन्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात कीबोर्ड पुसत हा धंदा शिकलो. खरेदी समितीवर मला घेतलं ते भाव पाडायला.

जुनं मशीन थकलं तेव्हा नव्याचा ठराव आला. गप्प बसलो असतो तर ऑर्डर माझ्याच दुकानाला मिळाली असती. पण मी हिशेब मांडला. या मशीनला खरं काम प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत. बाकी वर्षभर ते एसीत बसून वीज खातं. वर बॅटऱ्या, जनरेटरचं डिझेल, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा नवं मशीन. क्लाउडवर जागा भाड्यानं घ्या, गर्दीच्या महिन्यांत वाढवा, बाकी वेळी कमी करा. कंपनीशी तीन दिवस फोनवर घासाघीस करून दरही उतरवून आणला.

माझा स्वार्थ मशीनच्या खोलीत होता. राजूरकडच्या पोरींचे तास एकला संपतात, गाडी पाचला. चार तास त्या तापलेल्या जिन्यावर बसतात. आणि वीज गेली तरी गार राहणारी कॉलेजातली एकच खोली, ती मशीनची. मशीन गेलं की ती पोरींसाठी मागता आली असती. माझ्या बहिणीचं कॉलेज याच चार तासांपायी सुटलं. "दुपारभर पोरगी बसते कुठं?" असं वडिलांनी विचारलं, आणि तिला घरी बसवलं.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हेडक्लार्कनं डेडस्टॉकचं रजिस्टर उघडलं. कॉलेजातल्या प्रत्येक खुर्चीवर, पंख्यावर पांढऱ्या रंगानं नंबर असतो आणि तो या वहीत चढतो.

"शेठ, समदं बराबर हाये," तो म्हणाला, "पण नंबर कशावर टाकू?"

"लाइटीच्या बिलावर टाकता का, भाऊसाहेब?"

"बिलानं बल्ब तरी लागतो. हे दिसतच न्हाई."

अध्यक्ष हसले. "शेठ, पाहुणे बोलावले तर दाखवायचं काय? फीत कशाची कापायची? आभाळाची?"

सगळे हसले. एवढ्या हसण्यावर माझा क्लाउडचा प्रस्ताव पडला.

महिन्याभरात दुसऱ्या दुकानदाराकडून सर्व्हर आला. दारावर अध्यक्षांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली, नारळ फुटला, मशीनच्या कपाळावर नंबर पडला. मी गेलो नाही. नंतर एकदा कामाला गेलो तर पोरी त्या बंद दाराला पाठ लावून बसलेल्या. दाराखालच्या फटीतून गार हवा येते म्हणून. माझं डोकं असं फिरलं की काम तसंच टाकून परतलो.

जूनमध्ये प्रवेशाच्या तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. ज्यानं विकलं तो फोन उचलेना. प्राचार्यांनी मला केला. "शेठ, पोरं दुसऱ्या कॉलेजात चाललेत. जल्दी काहीतरी करा."

"संध्याकाळपर्यंत फॉर्म क्लाउडवर चालू करतो. खोली पोरींना द्या."

"अध्यक्ष साहेबांना विचारावं लागेल."

"मंग चालू करायलाही त्यांनाच सांगा."

"शेठ, ही काय भाव करायची वेळ हाये का?"

"सर, हीच हाये. उद्या तुम्ही मला वळखणार न्हाई."

"पाटीचं काय?"

"पाटी राहू द्या. मला आतलं पाहिजे."

खोली पोरींना दिल्याचं कॉलेजच्या कागदावर, सही-शिक्क्यासह लिहून घेतलं, फोटो मोबाइलवर आला, तेव्हाच कामाला हात लावला. संध्याकाळी फॉर्म सुरू झाले.

आता पोरी आत बसतात. ते मशीनही कोपऱ्यात आहे. नंबर पडलेला असल्यामुळं ठरावाशिवाय हलवता येत नाही. पोरी त्याच्यावर डबे ठेवतात. वार्षिक सभेत अध्यक्षांनी सांगितलं, आम्ही दूरदृष्टीनं क्लाउडवर गेलो, संस्थेचा केवढा खर्च वाचला. टाळ्या पडल्या. प्राचार्यही वाजवत होते. मी उठून बाहेर आलो.

बहिणीला हे मी सांगितलेलं नाही. ती एवढंच विचारेल, एका दुपारचं काम होतं, तर माझ्या वेळी कुणाचं काय अडलं होतं? अडलं कुणाचंच नव्हतं, माझंसुद्धा, आणि राग त्याचाच आहे.