दाव्याची हमी आणि मायचं घर

माझ्या बाबाचा हात बांधकामावर जितका सरळ चाले, तितकाच घरात वाकडा चाले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे तुम्हाला त्याची कीव येईल, आणि ती लवकर यावी अशी माझी इच्छा नाही.

तो राळेगावात छोटी-मोठी बांधकामं घेणारा मिस्त्री होता. कापसाचे भाव पडले आणि घरं बांधणारी माणसंच संपली. बँकेच्या कर्जावर घेतलेला मिक्सर दारात गंजत उभा होता. हप्ते थकले होते. त्या वर्षांत आमच्या वस्तीत एक टूम निघाली होती : जप्ती यायच्या आत घर बायकोच्या नावावर करून टाकायचं. काल मार खाल्लेल्या बाया आज कागदोपत्री मालकिणी व्हायच्या. बाबानेही बक्षीसपत्र केलं आणि मग चार दिवस मायला चिडवलं, "काय घरमालकीणबाई, भाडं कवा मांगता?" माय हसली नाही. तिला ते खरंच वाटत होतं.

मग एका जिनिंगवाल्या शेठच्या गोदामाचं काम मिळालं. बाबाने ते जीव ओतून केलं. काम झाल्यावर शेठ म्हणाला, मागची भिंत कच्ची आहे, पैसे मिळणार नाहीत. बाबा भांडायला गेला, तर शेठच्या माणसांनी त्याला रुईच्या गाठींवर आपटलं. तोंडातून रक्त गाळत घरी आला, अंगणात थुंकला, तर थुंकीत दात होता. इकडे मजुरी अडकली म्हणून मजूर आमच्या दारावर दगड मारायचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

शेवटी बाबाने दावा लावला. त्याचं एकच म्हणणं होतं : जजसाहेबांनी एकदा येऊन ती भिंत बघावी, वाटलं तर लाथ मारून बघावी. पण भिंतीचा विषय निघायच्या आधीच शेठचा वकील उभा राहिला. बाबासोबत मी होते. आमच्या वकिलाने आम्हाला बाहेर आणून समजावलं.

"मिस्त्री, तुमच्या नावावर काहीच नाही. तुम्ही हरलात तर शेठचा कोर्टाचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, असा त्यांचा अर्ज आहे. तो मंजूर झाला. पुढच्या तारखेपर्यंत खर्चाची हमी द्या, नाहीतर दावा फेटाळला जाईल."

"माहं घर हाय ना!"

"ते तुमचं कुठे आहे?"

बँकेला फसवायला खणलेल्या खड्ड्यात बाबा स्वतःच पडला होता.

घरी येऊन त्याने मायला जामीन राहायला सांगितलं. माय नाही म्हणाली.

"आपल्या घराचं बोलून राह्यलो मी!"

"आपलं नाही, माहं. तुमीनंच त लेहून देलं. उद्या हरले तुमी, त पोरीले घेऊन मी कुठी जाऊ?"

तेव्हापासून तारखेपर्यंत घरात रोज मार होता. कधी पट्टा, कधी सेंट्रिंगची फळी, कधी नुसता हात. माय मार खायची, भाकरी टाकायची आणि नाही म्हणायची. तिच्या तोंडी मी तो शब्द त्याआधी कधी ऐकला नव्हता. तारखेच्या आदल्या संध्याकाळी बाबाने तिचा उजवा हात धरून उंबरठ्यावर पिळला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या पाठीत घातलं. त्याने मला एका फटक्यात चौकटीवर भिरकावलं.

माय भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "मोडला. आता सही कायनं करू?"

"अंगठा चालते. डावा," बाबा म्हणाला.

तिने डावा हात काखेत घट्ट दाबून धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. बाबा पुढे सरकला, थांबला आणि बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दावा फेटाळला गेला. बाबा कोर्टातून घरी आला, घण उचलला आणि चालू लागला. मी मागे धावले. तो शेठला मारेल असं मला वाटलं. खरं सांगते, मारावं असंही वाटलं. पण तो शेठच्या गादीकडे वळलाच नाही. गोदामाच्या मागे गेला आणि त्या भिंतीवर घण घालू लागला.

"कच्ची हाय म्हनते! पाहा! पडते काय, पाहा!"

गिलावा उडत होता. विटेची कपची लागून त्याचं कपाळ फुटलं. जिनिंगमधले हमाल काम सोडून बघायला आले. शेठची माणसं काठ्या घेऊन आली आणि त्यांनी मागून त्याला झोडपायला सुरुवात केली. तो त्यांच्याकडे वळला नाही. ते त्याला मारत होते आणि तो भिंतीला मारत होता, हात मोडून घण खाली पडेपर्यंत. भिंतीला ताटाएवढा खड्डा पडला होता. बाकी ती जिथल्या तिथे उभी होती.

मला त्याचा अभिमान वाटला. मायचं मनगट आठवत होतं, तरी वाटला. तो आजही जात नाही, आणि याचाच मला राग आहे.

सरकारी दवाखान्यातून दोघांचेही उजवे हात प्लास्टरमध्ये घालून आम्ही घरी आलो. मी वरण-भात कालवला आणि दोघांच्या मध्ये ताट घेऊन बसले. मायने बाबाला विचारलं, "पडली काय भिंत?"

"नाही."

"पडनारच नाही. तुमी बांधलीती."

बाबा ढसाढसा रडायला लागला. इतक्या दिवसांत कोर्टात, बाजारात, शेठच्या दारात त्याला कोणाकडून तरी एवढंच ऐकायचं होतं. आणि ते म्हणाली कोण, तर जिचा हात त्याने मोडला ती.

घास माझ्या हातात होता. माय म्हणाली, "आधी त्याईले दे."

मी नाही दिला.