वाळूतली जुनी लाइन

पोस्टिंग ऑर्डर फेब्रुवारीत आली. त्याआधीची नोकरी ईशान्येतल्या डोंगरांत झाली होती. तिथे कपडे कधी पूर्ण वाळले नाहीत. आता पश्चिम राजस्थान. मी सिग्नल्समध्ये ऑपरेटर होतो, रँक लान्स नायक. घर धायरीत. वडिलांनी विचारलं, तिकडे पाणी कुठून आणतात? मी म्हणालो, गेल्यावर कळवतो.

पाणी बाउझरमधून, म्हणजे लष्कराच्या टँकरमधून यायचं, एक दिवसाआड. दाढीला एक मग. जेवणाची ताटं आधी वाळूनं घासायची, मग ओल्या फडक्यानं पुसायची. वाळू डाळीत असे, रायफलच्या चेंबरमध्ये असे, कानात असे. आठवडाभरात मी तिची तक्रार करणं सोडलं, कारण ऐकणाऱ्याच्याही कानात वाळूच होती.

वाळवंटाबद्दल ऐकलेलं बरंच खरं निघालं. एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. धायरीच्या माणसाला दिशा ओळखायला डोंगर लागतो. पुण्यात कुठेही असलो तरी सिंहगडावरचा टॉवर दिसला की घर कुणीकडे ते समजतं. इथे नजर टेकवायला काही नव्हतं. सुरुवातीला मी कॅम्पच्या पूर्वेची वाळूची एक उंच टेकडी, तिथल्या भाषेत टिब्बा, खूण म्हणून धरली. दोनदा जोराचा वारा झाला आणि तिची कड बदलली. मी ते बोलून दाखवलं तेव्हा आमचे डिटॅचमेंट कमांडर, नायब सुभेदार ठाकूर, हसले नाहीत. ते मूळचे हिमाचलचे, पण वाळवंटात त्यांची ही तिसरी खेप होती.

"पूना," ते म्हणाले, "टिब्बा चलता है. तू मत चल."

तो तिथला नियम होता. आंधी आली की जिथे असाल तिथे बसायचं. तोंडाला कापड, पाठ वाऱ्याकडे. नियमाला एकच अपवाद होता, आणि तो फक्त लाइनमनसाठी होता. हातात टेलिफोनची लाइन असेल तर तिला धरून चालायला हरकत नव्हती. लाइन माणसाला एक्स्चेंजपर्यंत आणून सोडते, असं सगळेच मानत.

एक्स्चेंज म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, वर ताडपत्री, कडेला वाळूची पोती आणि आत एक स्विचबोर्ड. त्यावरून फॉरवर्ड कंपन्यांना फील्ड टेलिफोनच्या लाइन गेल्या होत्या. युद्धसरावाच्या काळात रेडिओ सायलेन्स असायचा, त्यामुळे सगळं बोलणं याच तारांवरून. माझी ड्यूटी त्या खड्ड्यात एकट्याची. मोबाइलला रेंज नव्हती. आठवड्यातून एकदा राशनच्या गाडीबरोबर गावात जाऊन घरी फोन करता येई. घरी विचारत, कसा आहेस? मी सांगत असे, ठीक. त्यापलीकडे काय सांगायचं ते सुचत नसे. वाळवंटात काही घडत नाही, आणि न घडलेलं फोनवर सांगता येत नाही.

डिटॅचमेंटमध्ये मराठी बोलणारा दुसरा एकच माणूस होता, नायक मेश्राम. भंडाऱ्याचे. लाइनमन. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. वयानं आणि रँकनं ते मला मोठे होते. मी त्यांना भाऊ म्हणत असे.

लाइनमनच्या कामाची रीत अशी. लाइन बंद पडली की तो एक्स्चेंजपासून तार धरून चालत निघतो. ठरावीक अंतरावर थांबून तारेचं आवरण थोडं खरवडतो, टेस्ट फोनच्या क्लिपा लावतो आणि एक्स्चेंजला रिंग देतो. ऑपरेटरनं उत्तर दिलं तर मागची लाइन ठीक, फॉल्ट पुढे आहे. परत येताना तो तशीच रिंग देत येतो. तेव्हा उत्तर मिळालं नाही तर त्याच्या आणि एक्स्चेंजच्या मध्ये तार पुन्हा तुटली आहे. मग त्यानं तुटलेली जागा सापडेपर्यंत चालायचं. ते त्याचं काम.

टेस्ट कॉल दोन शब्दांचा असावा, असा दंडक होता. मेश्राम दोन वाक्यं जास्त बोलत.

"जय भीम, पुणेकर. झोपून राहिला का?"

"बोला."

"नाही, एक ते चार तुमचं एक्स्चेंज बंद राहते म्हणून विचारलं."

मी म्हणत असे, पाटी लिहून तयार आहे, खिळा मिळाला की ठोकतो. एवढंच. ते पुढच्या टप्प्याकडे निघत आणि मी पुढच्या रिंगची वाट बघत बसे. दिवसातलं माझं मराठी तेवढंच होतं.

आमच्या आधी त्या भागात दुसरं एक युनिट सराव करून गेलं होतं. सराव संपला की लाइन गुंडाळून न्यायची असते. त्यांनी बरीचशी नेली, सगळी नाही. आमच्या एका लाइनला त्यांची वाळूत गाडली गेलेली केबल आडवी जात होती. मेश्रामना ती पहिल्याच महिन्यात दिसली. त्यांनी ठाकूर साहेबांना रिपोर्ट दिला. ती काढायला माणसं मिळेपर्यंत त्यांनी आमच्या तारेला त्या जागी बनियनची पांढरी चिंधी बांधून ठेवली. दोन्ही केबल एकाच जातीच्या, एकाच काळ्या रंगाच्या. हाताला फरक कळण्यासारखा नव्हता.

मेमध्ये सराव चालू असताना एका दुपारी फॉरवर्ड कंपनीची लाइन बंद पडली. लाइन पार्टी दोघांची असते. दुसरा माणूस तापानं एमआय रूममध्ये, कॅम्पच्या दवाखान्यात होता. क्षितिजाच्या कडेला तपकिरी पट्टा दिसत होता. ठाकूर साहेबांनी तो बघितला, घड्याळ बघितलं. कंपनीशी दुसरा कुठलाच संपर्क नव्हता.

मेश्राम म्हणाले, "साब, लाइन हात में रहेगी."

ते गेले. पहिल्या दोन टप्प्यांवरून रिंग आली. तिसरी येईपर्यंत आंधी पोचली होती. ताडपत्री आपटत होती. खड्ड्यात दिवसा टॉर्च लावावा लागला. त्यानंतर बोर्डावरचं कंपनीचं शटर पडलं, म्हणजे तिकडून रिंग आली. लाइन जोडली गेली होती. कंपनीचा ऑपरेटर बोलला, आणि त्याच तारेवर मध्येच मेश्रामचा आवाज आला.

"झालं, पुणेकर. परत निघतो. चहा ठेव."

"भाऊ, तिथेच बसा. आंधी जाऊ द्या."

"तार आहे ना हाती. येऊन राहिलो."

मी चहा ठेवला. कंपनीची लाइन चालू होती. त्यावरून मेसेज येत होते, मी ते लिहून पुढे देत होतो. प्रत्येक रिंगला वाटे, हे मेश्राम. प्रत्येक वेळी कंपनीच निघे. परतीच्या पहिल्या टप्प्याची रिंग यायची वेळ टळली. दुसऱ्याची टळली. लाइन चालू असताना लाइनमनची रिंग न येणं, याचा अर्थ मला लागेना.

मी ठाकूर साहेबांना सांगितलं. मी तार धरून जातो, असंही म्हटलं. ते नाही म्हणाले. आंधीत एक माणूस बाहेर आहे, दोन होऊ देणार नाही. मग त्यांनी कंपनी कमांडरला लाइनवर घेतलं आणि रेडिओ सायलेन्स तोडायची परवानगी मागितली. ती मिळाली. मी सेट उघडला.

"सर्व स्टेशन्स, एक माणूस पायी, लाइनवर, परतीच्या वाटेवर. कोणाला दिसला? ओव्हर."

एकेका स्टेशननं उत्तर दिलं. निगेटिव्ह. निगेटिव्ह. निगेटिव्ह.

वारा पडला तेव्हा सूर्य मावळला होता. आमच्या तारेवरून दोन्ही बाजूंनी शोध झाला. त्या तारेवर ते नव्हते. आडव्या केबलची जागा वाळूखाली गेली होती, चिंधी कुठेच नव्हती. ती जागा उजेडात उकरून काढावी लागली. तिथून आम्ही जुनी केबल उचलत निघालो.

तिच्यावर थोड्याथोड्या अंतरावर आवरण खरवडलेलं होतं. ताजं तांबं चमकत होतं. प्रत्येक ठिकाणी मेश्राम थांबले होते, क्लिपा लावल्या होत्या आणि मला रिंग दिली होती. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी मानलं की फॉल्ट पुढे आहे, आणि ते पुढे गेले. साधा माणूस घाबरून बसला असता आणि वाचला असता. लाइनमन शांततेचा अर्थ लावतो.

केबलचं टोक एका बुजलेल्या मोर्च्यात, जुन्या खंदकात निघालं. नुसती तुटकी तार. मेश्राम तिथे नव्हते. टोकापर्यंत जाऊन ते परत फिरले होते, म्हणजे चूक त्यांच्या लक्षात आली होती. अलीकडच्याच टेकडीच्या कुशीत ते सापडले. टोकाकडे जाताना तिथे तार खोल वाळूत गेलेली होती, म्हणून आम्ही टेकडीला वळसा घालून ती पुढे पुन्हा धरली होती. पाण्याची बाटली रिकामी होती. तार मनगटाला गुंडाळलेली होती आणि तोंड एक्स्चेंजच्या दिशेला होतं. डॉक्टरांनी हीट स्ट्रोक लिहिलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जबाब दिला. जुनी केबल आठवडाभरात सगळी काढली गेली. त्यासाठी तेव्हा माणसं मिळाली.

माझे वाळवंटातले दिवस अजून बरेच बाकी होते. नवा लाइनमन केरळचा होता, चांगला माणूस. तो टेस्ट कॉल दोन शब्दांत संपवायचा. ठाकूर साहेब अधूनमधून खड्ड्यात येऊन बसत. त्या काळात मी मनातल्या मनात बरंच मराठी बोललो.

पुढच्या रजेत भंडाऱ्याला गेलो. मेश्राम वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, "तुमीच ते पुणेकर का? ज्याचं एक्स्चेंज दुपारी बंद राहते?" आठवड्याच्या फोनवर मेश्राम घरी हेच सांगत. त्यांनाही दुसरं काही सुचत नसावं. मुलगी दारात उभी राहून माझ्या बुटांकडे बघत होती. मी माझा नंबर देऊन आलो. नंबर पुढे दोनदा बदलला, दोन्ही वेळा कळवला.

आता मी निवृत्त आहे, धायरीतच राहतो. सोसायटीत दुपारी सामसूम असते. मी झोपत नाही, पेपर वाचतो. मागच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज होता.

"काका, मी प्रज्ञा मेश्राम. वाघोलीच्या कॉलेजात ॲडमिशन घेतली. आईनं सांगितलं, पुण्यात पोचली की पहिला फोन काकांना कर." मग तिनं विचारलं, "एक्स्चेंज चालू आहे ना?"

मी पेपर बाजूला ठेवला. तेवढ्यात तिनं दोनदा हॅलो म्हटलं.

"चालू आहे," मी म्हणालो. "बोला."