जुळ्यांच्या शेळीचं दूध

आमच्या घरात शेळीच्या दुधाची वाटणी ठरलेली आहे. शेळीला दोन सड, त्यातला एक करडाचा आणि एक घराचा. सासूबाई मेंढ्या-शेळ्यांच्या घरात जन्मल्या, तशाच घरात नांदल्या, त्यामुळे या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. आणखी एक नियमही त्यांचाच. शेळीला जुळं झालं, की दोन्ही सड करडांचे. करडं पाल्याला तोंड लावेपर्यंत त्या शेळीखाली तांब्या घेऊन बसायचं नाही. हा नियम मी एकदाच मोडला. तो कुणासाठी मोडला ते आठवलं, की अजून डोकं तापतं.

आमचे मालक डोंगरकडा ते वसमत जीप चालवतात. जीप भरेपर्यंत स्टँडवर थांबायचं, थांबल्यावर चहा घ्यायचा, चहाबरोबर मिरचीभजी आलीच. रात्री उशिरा घरी येऊन पोटभर जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. पुढं व्हायचं तेच झालं. छातीत जळजळ सुरू झाली. घशाशी आंबट पाणी यायचं, दोन उशा घेतल्याशिवाय पडवत नव्हतं, बोलता बोलता हात आपोआप छातीवर जायचा. तंबाखू तेवढी त्यांनी सोडली होती. धाकटी लेक झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन, सगळ्यांसमोर सोडली होती. मी ते गावभर सांगितलं होतं.

जळजळीवर सासूबाईंचं औषध ठरलेलं, शेळीचं दूध. शेळी रानात दहा तऱ्हेचा पाला खाते, लिंबाचा खाते, बाभळीचा खाते, म्हणून तिचं दूध औषधी आणि अंगाला थंड, असं त्यांचं म्हणणं. दूध उकळून पेल्यात ओतायचं आणि पेला रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवायचा. फ्रिजचा गारवा त्यांना चालत नसे. तो वरवरचा असतो म्हणे, पोटात पोचत नाही. मला हे सगळं पटलं होतं. मी अंगणवाडीत सेविका आहे, चार अक्षरं शिकलेली आहे, तरी पटलं होतं. कारण पटायला पुरावा समोर होता. पहिल्यांदा मालकांनी नाक दाबून दूध प्यायलं, पेला माझ्या हातात दिला, छातीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं वाटतंय आता."

त्या तीन शब्दांवर मी कितीतरी दिवस राबले. धार काढायची, उकळायचं, वाळू ओली ठेवायची, मांजराला हाकलायचं, आणि शेवटी ते तीन शब्द ऐकायचे. मला स्वतःचं कौतुक वाटायचं. अंगणवाडीत येणाऱ्या बायांनाही मी हे औषध सांगत सुटले. आमच्या मालकांना गुण आला, तुमी पण करून बघा. माझ्या चुलत जावेनं करून बघितलं आणि आठवड्यानं येऊन सांगितलं, की तिच्या नवऱ्याला पिताना गार लागतं, पण घटकाभरानं दुप्पट जळतं. मी तिलाच सुनावलं. फ्रिजमध्ये ठेवलं असशील, म्हटलं. 

मग गेल्या हिवाळ्यात आमच्या तांबड्या शेळीला जुळं झालं. एक पाट, म्हणजे मादी, चांगली दणकट, दुसरा बोकड मात्र हडकुळा, कानच अंगापेक्षा मोठे. उभं राहायला त्याला अर्धी सकाळ लागली. सासूबाईंनी दोन्ही करडांच्या तोंडात सड दिले आणि मला बजावलं, आता हिला हात लावायचा नाही. मी तांब्या पालथा घालून ठेवला. मालकांना सांगितलं, दुसरी शेळी आटलीय, थोडे दिवस दुधाशिवाय काढा. ते बरं म्हणाले.

दोन-चार दिवस गेले आणि कण्हणं सुरू झालं. जेवून उठले की भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटून घ्यायचे, छाती चोळायचे. मी विचारलं, लई जळतंय का? दवाखान्यात जाऊ या का? तर दवाखान्याचं नाव काढताच मान हलवायचे. आणि एका संध्याकाळी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थोडं बी दूध निघत न्हाई का? पेलाभर न्हाई, अर्धा."

माणूस असा मागतो तेव्हा काय करायचं? मी सासूबाई देवळात गेलेल्या बघून शेळीखाली बसले. बोकड सडाला लागलेला होता, त्याला मानेला धरून बाजूला केलं. तो पुन्हा आला, पुन्हा बाजूला केलं. त्याचं तोंड चालूच होतं, नुसत्या हवेवर. मी मनाला समजावलं, की अर्धाच पेला तर घ्यायचा आहे. पण धार लागली की अर्धा कुठला राहतो. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्या दिवशीही.

बोकडाला मी पिशवीतलं दूध आणून बाटलीनं पाजलं. अंगणवाडीत रोज सांगते, आईचं दूध ते आईचं दूध, आणि घरी येऊन करडाच्या तोंडात बाटली. त्याला हगवण लागली. गोणपाटात गुंडाळलं, चुलीजवळ ठेवलं, ओव्याचं पाणी पाजलं. संक्रांतीच्या आधीच तो गेला. शेळी दिवसभर दाराकडे बघून ओरडत होती. सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी नुसता पालथा घातलेला तांब्या उचलून फळीवर उंच ठेवला. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. मालकांनी खड्डा खणला, माती लोटली आणि हात धुऊन जीप घेऊन गेले.

उन्हाळ्यात त्यांची जळजळ इतकी वाढली, की जीप चालवताना मध्येच थांबवावी लागली. या वेळी मी ऐकलं नाही, सोबत वसमतला गेले. डॉक्टरांनी नाव विचारलं नाही, बघताच ओळखलं. मला वाटलं, गावात ओळखी असतात. मी मोठ्या उत्साहानं सांगायला लागले, शेळीचं दूध देते, थंड करून देते, रोज देते. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि मालकांकडे बघून म्हणाले, "दूध बंद करा असं मी तुम्हाला दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं ना? आणि तंबाखू? ती सोडली की अजून चालूच आहे?"

मालक पंख्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी मला नीट समजावलं. दूध पिताना गार लागतं, घटकाभर बरंही वाटतं, पण नंतर पोटात आम्ल जास्तच तयार होतं. शेळीचं असो की म्हशीचं, जळजळीवर हा काही इलाज नाही. झोपायच्या बऱ्याच आधी जेवायचं, तेलकट-तिखट कमी करायचं, तंबाखू सोडायची आणि गोळ्या वेळेवर घ्यायच्या. हे सगळं यांना लिहूनही दिलं होतं, म्हणाले. माझ्या कानात मात्र एकच शब्द अडकला होता, दिवाळी. जुळं झालं दिवाळीच्या नंतर.

परतताना जीप भरलेली होती. बाजारच्या बायांमध्ये, पिशव्या मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसले होते. समोरच्या आरशात त्यांचे डोळे दिसत होते आणि ते आरशात बघत नव्हते. चुलत जावेची आठवण झाली. तिचं दूध माझ्या दुधापेक्षा वाईट नव्हतं. तिचा नवरा तिला खरं सांगत होता, एवढाच फरक होता.

घरी आल्यावर मी गोठ्यात गेले, ते मागोमाग आले. मी विचारलं, "काहून सांगितलं न्हाई? करडू मरून राहिलं होतं तवा बी न्हाई?"

"दुधाचं सांगितलं असतं तर तू दवाखान्यात आली असतीस," ते म्हणाले. "मग तंबाखूचं बी निघालं असतं." मग म्हणाले, "अन् पिताना गार लागायचं. आता दुधाचं एवढं काय धरून बसतीस?"

दुधाचं. मी ज्याला दोनदा मानेला धरून बाजूला केलं त्याचं नावही त्यांनी घेतलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की जळजळ बरी होत होती की नाही हे मी कधी पाहिलंच नव्हतं. छातीत काय होतंय ते दुसऱ्याला दिसत नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून होते ते तीनच शब्द, आणि तेही त्यांचे. लेकीला मांडीवर घेऊन उच्चारलेले शब्द तरी कुठं वेगळे होते. एका हातानं ते पेला परत करत होते आणि खिशात तंबाखूची पुडी होती. मी फसले, आणि फसताना दुसऱ्यांनाही तेच सांगत फिरले.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. अगदी दिवाळीच्या आधीचं, तंबाखूचं, सगळं. वाटलं, लेकाला दोन शब्द ऐकवतील. त्या ज्वारी निवडत होत्या. "म्या सांगितलं व्हतं, जुळ्याच्या शेळीला हात लावू नको," एवढंच म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. मी तिथून उठले. चुलत जावेकडे गेले आणि फ्रिजचं बोलणं मागं घेतलं. तिनं चहा दिला.

आता मालक गोळ्या घेतात, लवकर जेवतात. तंबाखू सोडली म्हणतात. या खेपेला तांबडीला एकच करडू झालं, म्हणजे नियमानं एक सड घराचा. सासूबाईंनी स्वतः तांब्या फळीवरून काढून माझ्यापुढे ठेवला. मी तो परत ठेवून दिला. करडू दोन्ही सड आळीपाळीनं ओढतं, आणि त्याचं पोट भरलं की नाही ते मला हात लावून कळतं.

परवा मी तशीच त्याच्या पोटाला हात लावून बसले होते. मालक जेवून दारात आले, छातीवरून हात फिरवला आणि कुणी न विचारता म्हणाले, "बरं वाटतंय आता."

मी करडाला दुसऱ्या सडाला लावलं.