याला जमीन भेटून नाही राहिली

मुलीची प्रवेशपरीक्षा घरून होती. कॅमेऱ्यासमोर बसून तीन तास पेपर द्यायचा, आणि कॅमेरा मध्येच बंद पडला तर पेपर रद्द, असा नियम. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, आणि आमचा कॅमेरा दर दहा मिनिटांनी डोळा मिटत होता. "मम्मी, कॅमेरा फिर गया," असं ती आतून इथल्या हिंदीत सांगायची आणि मी हातातलं टाकून धावायचे.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे घरात या विषयावर दुसऱ्या कोणी बोललेलं मला खपत नाही. यूएसबीत वीज कुठेतरी गडबडत होती, एवढं कळत होतं. पुढचं पोर्ट सोडून मागचं घेतलं, वायर बदलली, वीज वाचवायला कॉम्प्युटर पोर्ट बंद करतो ती सेटिंग काढून टाकली. भर उन्हात अधारतालच्या बाजारात जाऊन नवा पॉवर सप्लाय आणला, बसवला. कॅमेरा वीस मिनिटं चालला आणि माउससकट गेला. मी स्क्रूड्रायव्हर आपटला.

आवाज ऐकून सासूबाई आल्या. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली आहेत. काही न विचारता त्यांनी उलट्या बोटांनी सीपीयूच्या पत्र्याला हळूच स्पर्श केला आणि हात मागे घेतला. "याला जमीन भेटून नाही राहिली," त्या म्हणाल्या.

मला आधी हसू आलं, मग राग. पण त्यांनी मलाही बोट लावायला सांगितलं, आणि खरंच, मुंग्या आल्यासारखी बारीक झिणझिण होती. मग त्या सांगत गेल्या. एक्सचेंजमध्ये उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची पाळी असे. जमीन वाळली की लाइनवर खरखर सुरू. आमच्या मदन महाल वस्तीत तर वीतभर मातीखाली खडकच. सासरे होते तोवर घरचा खड्डा तेच भिजवायचे. तो खड्डा मी मागच्या वर्षी अंगण चकाचक करताना फरशीखाली बुजवला होता. सासूबाई तेव्हा नको म्हणाल्या होत्या आणि मी ऐकलं नव्हतं.

आता त्यांनी ती गोष्ट काढली नाही, याचीच मला जास्त लाज वाटली. छिन्नी-हातोडी घेऊन मी स्वतः फरशी फोडली. खाली माती भाजल्यासारखी कोरडी. मीठ टाकलं, बादली ओतली, जमिनीने ती घटाघट पिऊन टाकली. चौथ्या बादलीला पाणी जरा थांबलं. आत येऊन पत्र्याला बोट लावलं, तर झिणझिण गेलेली.

मी तशीच हात ठेवून बसून राहिले. इतकी वर्षं शिकवतेय, पण या यंत्राला मातीची ओल लागते हे मला कधी जाणवलंच नव्हतं. अंगठ्याएवढा तो कॅमेरा आणि अंगणाखालचा कुठल्या काळातला तो खडक, दोघं एकाच तारेवर होते. 

दुसऱ्या दिवशी नऊला मुलीने दार लावून घेतलं. मी बाहेर येरझारा घालत होते. बारा वाजता ती आली आणि म्हणाली, "हो गया मम्मी. एक बार भी नहीं गया."

हे सांगायला मी सासूबाईंना घरभर शोधलं. त्या अंगणात होत्या. डोक्यावर पदर घेऊन, पाटावर बसून, तांब्याने थोडं थोडं पाणी खड्ड्यात सोडत होत्या. नऊ वाजल्यापासून.

"झाला का पेपर?" त्यांनी विचारलं.

झाला म्हटल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला.