पंख्याखालचं वाळवण

आमच्या वरच्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या मालतीकाकूंनी हॉलभर जुनं धोतर अंथरून त्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आहेत. एप्रिलची दुपार आहे, बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलंय, आणि पापड्या पंख्याखाली वाळताहेत.

गच्चीवर सोलर बसलं तेव्हा सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं. त्या मीटिंगमध्ये मी हात वर केला होता. पर्यावरण, पुढची पिढी, असं बरंच बोललोही होतो. काकूंनी विचारलं, “मग वाळवण कुठे घालायचं?” तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

आता ऊन पॅनेलवर पडतं, त्याची वीज होते, ती तारेतून घराघरांत उतरते आणि काकूंचा पंखा फिरवते. आमच्याकडच्या चादरीही हल्ली मशीनच्या ड्रायरमध्येच वाळतात. एवढा वळसा घालून आम्ही सुधारलो. पॅनेल पुसायचं काम कुणाचं, हे मात्र अजून ठरलेलं नाही. त्यांच्यावर कबुतरं बसतात. त्यांना चावी लागत नाही.

काकूंनी एक पापडी उचलून माझ्या हातावर ठेवली. दोन दिवस झाले तरी मधे ओलसर होती, थोडा आंबूस वास येत होता.

“आज पंखा रात्रभर चालू ठेवा,” मी म्हणालो.

काकूंनी पापडी परत घेतली आणि धोतरावर उलटी करून ठेवली.

“ठेवते,” त्या म्हणाल्या. “तुमचं ऊन तेवढं जपून ठेवा.”