टोपलीतली यादी

ती सोडत आठवली की आजही माझी चिडचिड होते, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी लोणावळ्यात फौजदार. वलवणच्या बाजूच्या एका कारखान्यानं जमिनी गेलेल्यांपैकी काहींना नोकऱ्या द्यायचं ठरवलं. वशिल्याचा बोभाटा नको म्हणून सोडत कॉम्प्युटरवर काढली. पण अर्जांचे लागणारे नंबर आदल्या दिवशीच औंढे गावात बोलले जात होते, आणि नेमके तेच लागले. ज्यांचे लागले नाहीत ते ठाण्यावर येऊन धडकले.

खबऱ्यानं नाव दिलं ते कॉम्प्युटरच्या खोलीत रोजंदारीवर झाडलोट करणाऱ्याचं. डोंगरातल्या वाडीचा, पन्नाशीचा माणूस. सोडतीत त्याचाही अर्ज होता. गुन्हा दाखल झाला असता तर असलेलं कामही गेलं असतं. दोन दिवस त्याला ठाण्यात बोलावून मी एकच विचारत राहिलो, यादी कुणी दिली? त्याचंही उत्तर एकच.

"साहेब, कुनी दिली न्हाई. कचऱ्याच्या टोपलीतल्या कागदावर रोज तेच आकडं असत्यात."

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

कारखान्याचा प्रोग्रामर त्याहून वैताग. यंत्राला नातेवाईक नसतात, आकडे कसेही पडतात, आधी कळणं शक्यच नाही, हे त्यानं मला चारदा ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी वाडीवर झडती घेतली. पंचनाम्यात आलं काय, तर भाकरी बांधून तेलकट झालेले टोपलीतले तीन कागद. तारखा वेगळ्या, आकडे तेच, क्रमही तोच. मी प्रोग्रामरला मशीन बंद करून, पुन्हा चालू करून समोर सोडत काढायला लावली. पुन्हा तीच यादी. मग प्रोग्रामरसाहेबांना कंठ फुटला. आकडे काढायची सोय त्या कॉम्प्युटरच्या भाषेत आयतीच होती, पण सुरुवातीचा आकडा बदलून दिला नाही तर ती दर वेळी तीच माळ पहिल्यापासून ओढते. रोजची चाचणी आणि खरी सोडत, दोन्ही एकच. हे मॅन्युअलमध्ये होतं, त्याचं वाचायचं राहिलं होतं. मी त्याला चारचौघांत झापलं.

सोडत रद्द झाली. नवी चावडीवर चिठ्ठ्या टाकून झाली. झाडलोटवाल्याला जाऊ देताना मी विचारलं, गावात सांगितलंस कशाला?

"ज्यांचा लागनार न्हाई त्यांनी मजुरी बुडवून सोडतीला येऊ न्हाई म्हनून. माजाबी नव्हता."

लागलेल्या नंबरांची यादी पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होती, शेजारी अर्जांचं रजिस्टर. यादीत लबाडी करणारा आधी स्वतःचा नंबर घालेल, एवढं मला सुचायला हवं होतं. दोन्ही कागद मी शेजारी धरून पाहिलेच नाहीत. मॅन्युअल न वाचणाऱ्याला झापायला मी होतो. मला झापायला ठाण्यात कुणी नव्हतं, आणि त्या माणसाची माफी मी मागितली नाही.