साहेबांचं प्रॉम्प्टिंग

खुर्च्या गोल मांडायच्या, हे आमच्या नव्या साहेबांचं पहिलं फर्मान. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आणि त्यात आमचं वाइंडिंग सेक्शन. सगळ्या बायका. टीव्हीत बसणाऱ्या छोट्या कॉइलवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची, हे आमचं काम. दिवसभर समोरासमोरच्या ओळींत बसून मान मोडेस्तोवर गुंडाळा, आणि आता आठवड्यातून एकदा कॅन्टीनमध्ये गोल बसा. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, संगीतखुर्ची आहे. आमच्यातली एक तर पदर खोचून तयारच होती.

जपानमध्ये म्हणे कामगार असे गोल बसतात, आपापसात बोलतात आणि कंपनी सुधारते. ऐंशीनंतरची ती वर्षं. घरोघर रंगीत टीव्ही यायला लागले होते आणि कारखान्या-कारखान्यांत जपान शिरला होता. साहेब मॅनेजमेंटचं शिकून आलेले, तिशीच्या आतले, तसे पोरसवदाच. आम्हाला सगळ्यांना ‘ताई’ म्हणायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. माणूस गुणी होता, उगाच का खोटं बोलू? खोड एकच. “तुम्ही बोला, मला तुमच्याकडून ऐकायचंय,” असं म्हणायचे आणि पुढचा पाऊण तास स्वतःच बोलायचे.

चुकून कोणी तोंड उघडलंच, “साहेब, ती तार आहे ना...” की लगेच, “तुटते, बरोबर? कारण ओढ जास्त पडते,” आणि फळ्यावर एक बाण. ती बिचारी सांगणार होती की तारेच्या कपाटाची चावी सकाळी वेळेवर मिळत नाही. पण साहेबांनी वाक्य पुरं केलं म्हणजे केलं. मग आम्ही हातात चहाचे ग्लास धरून माना डोलवायचो. बसल्याजागी आराम मिळतोय तर कोण सोडणार?

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. तार गुंडाळायची नवी मशिनं येणार होती आणि ती कुठे बसवायची हे फोर्टातल्या हेडऑफिसने ठरवायचं होतं. कंपनीचा नवा कारखाना नाशिकच्या बाजूला उभा राहत होता. तिकडची माणसं म्हणत होती, सगळं सेक्शनच इकडे हलवा. आमच्या साहेबांनी वर जाऊन सांगितलं, माझ्या बायका मशिनं चालवतील, कशी चालवायची ते त्याच ठरवतील, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. वरच्यांनी वेळ दिला, थोडी मशिनं चाचणीसाठी पाठवायचंही कबूल केलं. दिवाळीपर्यंत आमच्याकडून काही निघालं नाही, तर सेक्शन नाशिकला. आणि नाशिकला म्हणजे आमच्यापुरतं घरी. मी बोरिवलीची, मुलं शाळेत, सासूबाई घरात. आमच्यातल्या थोरल्या ताई घाटकोपरच्या, त्यांचे यजमान संपात गिरणी सुटल्यापासून घरात बसून. आम्ही कुठे नाशिकला जातोय! हे सगळ्यांना कळत होतं, तरी त्या गोलात बसलं की आमची दातखीळ बसायची.

मी थोरल्या ताईंना एकदा म्हटलं, “ताई, तुम्ही तरी बोला ना काहीतरी.”

“बोलते गं,” त्या म्हणाल्या. “त्याला आधी श्वास तर घेऊ दे.”

त्याच सुमारास कॅन्टीनमध्ये नाटकाच्या तालमी लागल्या. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आमच्या कारखान्याचं नाटक दरवर्षी असायचं. दिग्दर्शक आमचे मेंटेनन्सचे फिटर. मालवणकडचे, अंगाने काटकुळे. कारखान्यात साहेब दिसले की बाजूला सरून उभे राहणारे, पण तालमीत जमदग्नी. तिथे मॅनेजर असो की कामगार, उशिरा आला की त्याची चंपी. साहेबांना वाटलं, लोकांत मिसळायची ही झकास संधी आहे. म्हणाले, मलाही घ्या. फिटरभाऊंनी त्यांना डॉक्टरची भूमिका दिली. आत यायचं, नाडी बघायची, दोन वाक्यं बोलायची आणि जायचं. साहेब आत यायचे, नाडी बघायचे, आपली दोन वाक्यं बोलायचे आणि वर पेशंटचीही दोन बोलून टाकायचे. तिसऱ्या तालमीला फिटरभाऊंनी त्यांच्या हातात नाटकाची वही दिली आणि विंगेत बसवलं. “साहेब, तुमका बोलण्याची आवड आसा. प्रॉम्प्टिंग करा.”

नाटक घरगुती होतं. घरात मिक्सर येतो आणि सून सासूचा पाटा-वरवंटा काढून टाकते. सासू मी. दुसऱ्या अंकात मी स्वयंपाकघरात येते, पाट्याची रिकामी जागा बघते, बराच वेळ गप्प राहते आणि मग म्हणते, “जागा मोठी वाटायला लागली गं.” नाटकाचा सगळा जीव त्या गप्प राहण्यात. तालमीत मी येऊन उभी राहिले, जागेकडे बघितलं, आतून जरा कुठे भरून यायला लागलं, तेवढ्यात विंगेतून खणखणीत आवाज: “जागा मोठी वाटायला लागली गं!” कॅन्टीनचे पोळ्या लाटणारे आचारीसुद्धा हसले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी चिडून म्हटलं, “साहेब, मला येतंय हो वाक्य.” ते म्हणाले, “ताई, तुम्ही थांबलात म्हणून मला वाटलं, मदत करावी.” चेहरा इतका निरागस की रागवायचीही चोरी.

फिटरभाऊ विंगेत गेले. “साहेब, ती इसारली नाय. ती गप रवली. दोन्हीत फरक आसा.”

“पण मला कसं कळणार ती विसरलीय की गप्प आहे?”

“वहीत बघून नाय कळूचा. तिच्याकडे बघा.”

साहेबांनी ते फारच मनावर घेतलं. त्यानंतर तालमीत वही मांडीवर उघडी आणि नजर माझ्यावर. इतकं टक लावून बघायचे की मलाच अवघडायला व्हायचं. हळूहळू मात्र जमायला लागलं त्यांना. कोणी अडखळला की पहिला शब्द फक्त हलकेच सोडायचे आणि गप्प. पुढचं वाक्य ज्याचं त्याने बोलायचं. तालमीपुरतं शहाणपण आलं होतं हो. सोमवारी कॅन्टीनमध्ये गोल बसलो की पुन्हा फळा आणि पुन्हा बाण. दिवाळी जवळ येत चालली होती आणि मी घरी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले होते. नवरा म्हणायचा, जाऊ दे नोकरी, मी आहे ना. पण मला जाऊ द्यायची नव्हती.

प्रयोग मुलुंडच्या एका हॉलमध्ये झाला. नवरा, मुलं, सासूबाई, सगळे पुढच्या रांगेत. दुसरा अंक आला. मी स्वयंपाकघरात शिरले, पाट्याच्या जागेकडे बघितलं आणि डोकं कोरं झालं. एकदम स्वच्छ. वाक्य काय, आपण कुठे उभ्या आहोत तेही आठवेना. मी हळूच विंगेकडे नजर टाकली. साहेब माझ्याकडेच बघत होते. मी डोळे मोठे केले. साहेबांनी समाधानाने मान हलवली. मी ओठ हलवले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी. त्यांना वाटलं, काय काम करतेय ही बाई. समोरच्या विंगेत फिटरभाऊ हातवारे करत होते, कपाळावर हात मारत होते, पण साहेब ढिम्म. या माणसाला शिकवलं कोणी, असं मला मनातल्या मनात झालं. घाम मानेवरून खाली चालला होता. हॉल चिडीचूप.

शेवटी तोंडातून जे आलं ते बोलले. “आता मी सकाळी उठून काय करू?”

हे वाक्य नाटकात नव्हतंच. ते माझं होतं, नोकरी जाईल म्हणून पोटात साठलेलं बाहेर आलं. मागे कोणीतरी बाई मोठ्याने हुंदका देऊन रडली. सून झालेली पोरगी हुशार, तिने सांभाळून घेतलं आणि पडदा पडला. परीक्षकांनी त्या गप्प राहण्याचं कौतुक केलं आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सासूबाई म्हणाल्या, “घरी कधी इतकी गप्प बसली असतीस तर.”

विंगेत जाऊन मी साहेबांना धरलं. “अहो, मी विसरले होते!”

साहेबांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, आज जमलंय.”

“घाम नाही दिसला?”

“दिसला. मला वाटलं, भूमिकेतला आहे.” फिटरभाऊ जमिनीवर बसून हसत होते. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी वही मिटून काखेत धरली आणि म्हणाले, “पण ताई, मी बोललो असतो, तर तुमचं ते वाक्य आलंच नसतं.”

पुढच्या सोमवारी गोलात बसलो तेव्हा फळा नव्हता. साहेब म्हणाले, “मशिनं कशी लावायची ते सांगा.” आणि थांबले. आम्हाला वाटलं, आत्ता बोलतील, मग बोलतील. ते बोलेनात. आमची चुळबूळ सुरू झाली. कोणी खोकलं, कोणी बांगड्या मागेपुढे केल्या. इतका वेळ कोणी आपल्या बोलण्याची वाट बघतंय याची सवयच नव्हती आम्हाला, लाजच वाटायला लागली.

थोरल्या ताई म्हणाल्या, “साहेब, तुमचा चहा निवला.”

“असू दे,” साहेब म्हणाले. पुन्हा गप्प.

“बाथरूमची कडी लागत नाही,” एकजण म्हणाली. साहेबांनी मान हलवली, तिचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग कपाटाची चावी निघाली. मग पंख्याचा आवाज, मग मुकादमाचा आवाज, आणि अशी सगळी जळमटं निघून झाल्यावर कुठे मशिनांचा विषय आला. हेडऑफिसच्या नकाशात मशिनं भिंतीकडे तोंड करून ओळीत होती. प्रत्येकीसमोर भिंत. आमची रीत वेगळी होती. नवी मुलगी आली की तिला कोणी शिकवत नसे, फक्त समोर बसवत. समोरच्या हाताकडे बघून बघून तिचा हात बसायचा. एकीची तार तुटली की समोरची आपली तार थांबवून तिचं टोक धरायची. भिंत काय टोक धरणार? तेव्हा ठरलं, मशिनं समोरासमोर लावायची.

चाचणीची मशिनं आली, तशी लावली आणि पार वाट लागली. मशिनं इतकी जवळ आली की हिचा हात तिच्या रिळाला लागायचा, आणि तोंडासमोर तोंड आल्यामुळे गप्पा अशा रंगल्या की काम निम्म्यावर आलं. साहेब आले, बघितलं, तोंड उघडलं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड मिटलं आणि निघून गेले. त्या गप्प जाण्याचा आम्हाला इतका राग आला की दुपारची सुट्टी सोडून आम्ही फिटरभाऊंना बोलावलं आणि मशिनं जरा तिरपी करून घेतली, हात दिसेल पण लागणार नाही अशी. थोरल्या ताई एकदा या बाजूने बसून बघत होत्या, एकदा त्या बाजूने. फिटरभाऊ वैतागून म्हणाले, “ठरवा गो एकदाचा, माझी पाठ गेली.”

तिरप्या मशिनांवर हात बसला, काम पूर्वीपेक्षा वर गेलं, आणि दिवाळीच्या आत फोर्टातले लोक बघून गेले. साहेबांनी त्यांना आमच्याकडे आणून उभं केलं आणि स्वतः मागे राहिले. आम्हीच सांगितलं, अडखळत, एकमेकींना कोपरखळ्या मारत. ते खूष होऊन गेले. सेक्शन अंधेरीतच राहणार असं कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कडी आता लागत होती.

नव्या वर्षात एका सोमवारी साहेब गोलात बसले आणि म्हणाले, आज मला बोलायचंय. आम्ही हसलो. ते म्हणाले, हेडऑफिसला वाटतंय, हे सेक्शन आता बायका स्वतःच चालवतायत, मग इथे वेगळा अधिकारी कशाला? नाशिकच्या कारखान्यात मात्र सगळ्या मुली नवख्या आहेत, त्यामुळे मला तिकडे पाठवतायत. पुढच्या महिन्यात.

मला खूप वाईट वाटलं. इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. साहेब पुढे म्हणाले, “तुमच्यापैकी कोणी येईल का? दोन-तीन महिनेच. तिथल्या मुलींसमोर बसायला. हे मला एकट्याला जमायचं नाही.”

आणि ते थांबले. मी मुलांच्या शाळेचा विचार केला, सासूबाईंचा केला. थोरल्या ताई आपल्या हातांकडे बघत होत्या. कोणीच काही बोललं नाही. साहेबांनी एकेकीकडे नीट बघितलं, घाई केली नाही, आणि मग म्हणाले, “असू दे, ताई. मी आपलं विचारलं.” आम्हाला आमची घरं सोडावी लागू नयेत म्हणून या माणसाने एवढा खटाटोप केला होता, आणि आता त्याच्यासाठी घर सोडून जाईल अशी आमच्यात एकही नव्हती.